क्रेट उलटा करून बघा

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि बोट एका ओळीवर टेकवलं.

"जन्मसाल चुकलंय."

"नाही चुकलं."

"अहो बाई, या हिशोबानं तुमचा मुलगा बेचाळीस वर्षांचा होतो!"

"मुलगा नाहीये मला. मुलगी आहे, ती बाहेर स्कूटर लावतेय. बेचाळीसची मी आहे आणि अर्जही माझाच आहे."

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. अर्जावर लिहिलं होतं, कृषी व्यवसाय व्यवस्थापन, दोन वर्षं, काम करणाऱ्यांसाठीच्या राखीव जागेतून. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं, टोमॅटोच्या शेडमध्ये प्रतवारी आणि भरणी, बावीस वर्षं. त्याच्या नोकरीलाही तेवढी वर्षं झाली नव्हती. त्यानं निमूटपणे शिक्का मारला.

या बाईंना आपण आत्तापासूनच काकू म्हणू, कारण पुढच्या महिन्याभरात अख्खं कॉलेज त्यांना काकूच म्हणायला लागलं. शेडमध्ये मात्र त्यांना वेगळं नाव होतं. शेडमालक त्यांना 'मशीन' म्हणायचा, आणि ते कौतुकानं बरं का! पट्ट्यावरून टोमॅटो घरंगळत यायचे आणि काकूंचे हात त्यांच्याकडे न बघताच त्यांची वाटणी करायचे. मोठा इकडे, लहान तिकडे, मऊ पडलेला बाजूला. क्रेट भरत आला की शेवटचा थर लावायचा, त्यात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकसारखे, लालबुंद, देठ खाली आणि गाल वर. वरून बघणाऱ्यानं नुसतं बघत राहावं! खाली काय आहे ते बघायला खाली जातंय कोण? शेडची रीतच होती ती. नवीन आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काकूच ती शिकवायच्या.

कधीकधी भरलेले क्रेट परत यायचे. का आले, हे कुणी सांगत नसे. एकदा काकूंनी विचारलं, तर मालक हसला. "तू हात चालव, डोकं मी चालवतो. ट्रक सुटला की आपलं काम संपलं."

झालं! हे वाक्य काकूंच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. भांडी घासताना आठवायचं, कपडे वाळत घालताना आठवायचं. शेवटी मुलीनं मोबाईलवर विद्यापीठाची जाहिरात दाखवली तेव्हा काकूंनी ती तीनदा वाचायला लावली आणि म्हणाल्या, "भर फॉर्म."

नवरा शिवणयंत्रावर बसला होता. शिंपी माणूस, घरातच दुकान. त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "अगं, पण या वयात परीक्षा?"

"तुम्ही या वयात नवीन कॉलर शिकलात की नाही?"

"ते वेगळं."

"कसं काय वेगळं?"

त्यानं टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

शेडमालकानं मात्र पक्कं बजावलं. "दोन वर्षं अर्धा दिवस सोडतो. दोन म्हणजे दोन. तिसऱ्या वर्षी एक तर शेड, नाही तर कॉलेज." आणि घर नुसत्या शिलाईवर चालण्यासारखं नव्हतं. म्हणजे नापास व्हायची सोयच नव्हती. एक वर्ष जरी घसरलं, तरी काकू पुन्हा पट्ट्यापाशी, जन्मभरासाठी. हे काकूंना ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं आणि मुलीलाही ठाऊक होतं.

पण कॉलेज! काय सांगावं त्या कॉलेजचं! काकूंना तिथं पहिल्या आठवड्यातच असं काही चढलं, की बसमधून उतरल्यावर त्या फाटकापर्यंत चालत नसत, जवळजवळ पळत जात. आपण जन्मभर जे केलं, त्याला नावं आहेत! पुस्तकात छापलेली नावं! पट्ट्यापाशी उभं राहून जे करायचो ते 'मूल्यवर्धन'. ट्रक उशिरा आला की जो माल मऊ पडायचा तो 'काढणीनंतरचं नुकसान', आणि त्यावर चक्क अख्खा धडा! काकू घरी येऊन नवऱ्याला शिकवायच्या. त्याच्या बटणांच्या डब्यातली निळी बटणं म्हणजे मागणी, पांढरी म्हणजे पुरवठा. नवरा ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "कळलं. आता माझी बटणं परत देतेस का?"

सगळंच गोड होतं असं नाही. आलेख म्हटलं की काकू अडायच्या. रेषा खाली उतरतेय म्हणजे चांगलं की वाईट, हे प्रत्येक वेळी नव्यानं समजून घ्यावं लागे. ते काम चष्मिसनं अंगावर घेतलं. चष्मिस म्हणजे शेजारच्या बाकावरची मुलगी, सगळ्या वर्गात हुशार, पण बोलायला लागली की आवाज घशातच अडकायचा. आणि तिच्या पलीकडे बसायचा लंबू. बाकाखाली पाय मावत नसत म्हणून कायम तिरका बसलेला. मनानं चांगला पोरगा, पण हातात घेतलेली वस्तू पडल्याशिवाय राहायची नाही. जेवणाचे डबे ही तिघं एकत्र उघडायला लागली आणि आपोआप त्यांचा गट झाला.

मार्केटिंग शिकवणाऱ्या सरांना मुलं 'उदाहरणार्थ सर' म्हणायची. दर दुसऱ्या वाक्याला उदाहरणार्थ! त्यांनी एकदा वर्गात विचारलं, "टोमॅटोचा ग्राहक कोण? उदाहरणार्थ, काकू, तुम्ही सांगा."

काकू ताडकन उठून म्हणाल्या, "ट्रकवाला!"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर शेतापासून सुरुवात करून एक लांबच लांब साखळी काढली. मध्ये शेड, मग ट्रक, मग बाजार, मग दुकान, आणि अगदी टोकाला एक ताट. "काकूंचं उत्तर प्रामाणिक आहे," ते म्हणाले. "त्यांना ट्रकपर्यंतच दिसतं. आपल्यातल्या बहुतेकांना तेवढंच दिसतं."

काकू खाली बसल्या. बावीस वर्षांत आपण भरलेला टोमॅटो कुणी खाताना आपण एकदाही पाहिलेला नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. इतकं साधं, आणि कधी डोक्यात आलं नव्हतं! त्या दिवशी वहीत त्यांनी ती साखळी उतरवून घेतली आणि टोकाचं ताट जरा मोठंच काढलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक होतं. प्रत्येक गटानं विद्यापीठाच्या मळ्यातलं पीक घ्यायचं, स्वतः ग्राहक शोधायचा, ठरवायचं आणि पोचवायचं. परीक्षेच्या कागदावर तीन रकाने. माल वेळेवर पोचला का? ठरल्याप्रमाणे आहे का? ग्राहकानं स्वीकारला का? पहिल्या दोन्हींत 'नाही' आलं तर गुण कापले जाणार. तिसऱ्यात 'नाही' आलं, की वर्ष पुन्हा करायचं. लंबूला आणि चष्मिसला वर्ष पुन्हा करता आलं असतं. काकूंना नाही.

ग्राहक काकूंनीच शोधला. गावातल्या मोठ्या इस्पितळाचं स्वयंपाकघर. तिथल्या प्रमुख मॅडम म्हणजे उंचपुरी बाई, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, कपाळाला कायम आठी. तिघं समोर उभी राहिली तरी त्यांनी कांदा चिरणाऱ्या मुलींवरची नजर काढली नाही.

"टोमॅटो? टोमॅटोवाले खूप येतात. वरचा थर असा, की फोटो काढावा. खाली हात घातला की लगदा. माझ्याकडे चारशे पेशंट जेवतात. मी त्यांना वरचा थर वाढू का फक्त?"

लंबूनं चष्मिसकडे बघितलं, चष्मिसनं जमिनीकडे. आणि काकूंच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. क्रेट परत का यायचे! बावीस वर्षं ज्याचं उत्तर कुणी दिलं नाही, ते या बाईंनी तीन वाक्यांत देऊन टाकलं!

"मॅडम," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका चढला की कांदा चिरणाऱ्या मुलीही थांबल्या, "आमचा माल वर तसाच खाली असेल. प्रत्येक क्रेटवर चिठ्ठी लावू, क्रेट उलटा करून बघा म्हणून. आणि खाली माझी सही."

मॅडमनी पहिल्यांदा नीट बघितलं. "गुरुवारी, सकाळी दहाच्या आत. चाळीस क्रेट."

बाहेर आल्यावर तिघं रस्त्यातच नाचायची बाकी होती. सरांना सांगितलं तर सरही खुर्चीतून उठले. "उलटा करून बघा! अहो, हे तर... उदाहरणार्थ..." पण उदाहरण काही त्यांना सापडेना.

गुरुवारी सहा वाजताच तिघं मळ्यात. तोडणी झाली, टोमॅटो ताडपत्रीवर आले, आणि काकूंनी बाह्या सरसावल्या. लंबूनं मोठ्या हौसेनं एक क्रेट भरायला घेतला. चार टोमॅटो आत, दोन बाहेर, एक त्याच्याच बुटाखाली. काकूंनी त्याला कोपरानं बाजूला सारलं. "तू वजन कर बाबा. भरणं हा माझ्या हातचा मळ आहे." चष्मिस चिठ्ठ्या चिकटवू लागली. आणि काकू सुटल्या! तोंडानं अखंड बडबड, हातांनी अखंड काम. मूल्यवर्धन म्हणजे काय, मालक काय म्हणायचा, पास झाल्यावर त्याला काय सांगणार. चाळीस क्रेट कधी भरले ते कळलंही नाही. लंबूनं तर तोंडात बोटं घातली.

टेम्पो निघाला तेव्हा नऊ वाजले होते. काकू मागे, मालाजवळच बसल्या. वळणावर ऊन तिरपं आत आलं आणि क्रेटच्या तोंडांवर पडलं. काय दिसत होते ते! एकसारखे, लालबुंद, देठ खाली आणि गाल वर. काकू कौतुकानं बघत राहिल्या. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

त्यांनी जवळच्या क्रेटमध्ये हात घातला. वरचा थर, त्याखालचा थर, आणि मग बोटांना लागला एक लहान, एक अर्धवट हिरवा, एक वाकडा. दुसऱ्यात हात घातला. तेच. तिसऱ्यात तेच. सडका एकही नव्हता, पण वर तसाच खाली? छे! हातांनी त्यांना न विचारता चांगले चांगले बाजूला ठेवले होते आणि शेवटी वर लावले होते. बावीस वर्षं जे केलं, तेच आजही केलं होतं. आणि प्रत्येकावर चिठ्ठी, क्रेट उलटा करून बघा, खाली काकूंची सही.

"थांबव गाडी!" काकू ओरडल्या.

लंबू आणि चष्मिस पुढून धावत आले. काकूंनी त्यांना दाखवलं. टेम्पोवाला घड्याळाकडे बघत होता.

"काकू," लंबू शेवटी हळूच म्हणाला, "चिठ्ठ्या काढून टाकू. वरून तर झकास दिसतोय. मॅडम घाईत असतात, उलटा कशाला करतील? तिसरा रकाना हो आला की झालं. तुम्हाला तर..." पुढचं त्यानं गिळलं.

काकूंना पुढचं माहीत होतं. तुम्हाला तर पुन्हा संधी नाही. आणि खोटं कशाला बोलायचं, काकूंचा हात एका चिठ्ठीच्या कोपऱ्यापर्यंत गेलाही होता. नखानं कोपरा उचललाही होता. मग त्यांना मॅडमचं ते वाक्य आठवलं, वरचा थर वाढू का फक्त. त्यांनी कोपरा अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवला.

"चला," त्या म्हणाल्या. "इस्पितळातच जाऊ. मी बोलते."

पोचायला पावणेदहा झाले. मॅडम मागच्या दारात उभ्याच होत्या, हमाल तयार. काकू टेम्पोतून उतरून थेट त्यांच्यासमोर गेल्या.

"मॅडम, उतरवून घेऊ नका. चिठ्ठी खोटी आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मीच लिहिली आणि मीच भरलेत. मुद्दाम नाही केलं, पण केलं मीच. हाताला सवय आहे."

मॅडमनी एक क्रेट स्टीलच्या टेबलावर उपडा केला. टोमॅटो गडगडत पसरले. त्यांनी एक वाकडा उचलून बघितला, एक हिरवट उचलून बघितला.

"कापणं साडेदहाला सुरू होतं माझं," मॅडम म्हणाल्या. "सूपचे अकराला लागतात. सूपला वाकडा चालतो, लहान चालतो. ती दोन टेबलं रिकामी आहेत. निस्तरा तुमचं तुम्ही. मग बघते घ्यायचं की नाही."

मग जी तारांबळ उडाली म्हणता! चाळीसच्या चाळीस क्रेट रिकामे झाले. काकू दोन ढीग करायला लागल्या. कापायचे इकडे, सूपचे तिकडे, कच्चे परत. डोळे मिटून आलं असतं त्यांना हे. पण पहिला क्रेट भरून होतो न होतो, तोच चष्मिस, जिचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नसे, ती किंचाळली, "काकू! पुन्हा लावला तुम्ही वरचा थर!"

काकूंनी खाली बघितलं. खरंच! देठ खाली आणि गाल वर! त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे असं बघितलं, जसं दुसऱ्याच्या खोडकर पोरांकडे बघावं. मग ते हात पाठीमागे घेतले, बोटांत बोटं अडकवली आणि म्हणाल्या, "लंब्या, ये पुढे. तू भर."

"मी? मला येत नाही, काकू!"

"म्हणूनच तू! येत नाही तेच हवंय. समोर येईल तो उचल आणि टाक. निवडायचं नाही, सजवायचं नाही. आणि आपटू नकोस, मेल्या!"

लंबू भरू लागला. कसा? त्याच्या हाताला येईल तसा. एक उभा, एक आडवा, एक कोपऱ्यात. असे गबाळे क्रेट काकूंनी जन्मात पाहिले नव्हते. राहून राहून त्यांची बोटं पाठीमागे वळवळत होती, एखादा टोमॅटो नीट फिरवून ठेवायला. पण सोडली नाहीत त्यांनी! चष्मिस आता मोठ्यानं मोजत होती. टोमॅटो पडत होते, तिघं हसत होती, कांदा चिरणाऱ्या मुली माना वळवून बघत होत्या.

सर कागद घेऊन आले तेव्हा साडेदहाला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी घड्याळ बघितलं, पहिल्या रकान्यात 'नाही' लिहिलं. मग दुसऱ्याबद्दल विचारलं. चाळीस ठरले होते, भरले सदतीस. सव्वीस कापायचे, अकरा सूपचे, तीन परत. तिथंही 'नाही'. सर मॅडमकडे वळले आणि पेन तिसऱ्या रकान्यावर थांबलं.

मॅडम थप्पीपाशी गेल्या आणि वरचा नाही, मधला नाही, अगदी तळातला क्रेट ओढून काढायला लावला. चिठ्ठी वाचली. "ही सही तुमची ना?"

"हो."

"मग करा उलटा."

काकूंनी हात पुढे आणले. क्रेट उचलला आणि टेबलावर उपडा केला. टोमॅटो पसरले. वरचे कुठले आणि खालचे कुठले, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मॅडमनी त्यातला एक उचलला, सुरीनं मधोमध कापला, हुंगला आणि अर्धा भाग कापणाऱ्या मुलींपुढे सरकवला. "चला गं, उशीर झालाय. घ्या कापायला." मग सरांना म्हणाल्या, "लिहा हो. आणि यांना सांगा, पुढच्या गुरुवारी पन्नास. पण दहा म्हणजे दहा."

"पुन्हा ऑर्डर?" सरांनी कागद उलटसुलट केला. "त्याला रकानाच नाहीये!"

तो त्यांनी पेनानं आखला. लंबूनं आनंदानं उडी मारली आणि त्याचं डोकं दिव्याला आपटलं. चष्मिस रडत होती आणि हसत होती. काकू फोन लावत होत्या, पण बोटं टोमॅटोच्या रसानं इतकी चिकट झाली होती की मुलीचा नंबरच दाबला जाईना. शेवटी लागला. "अगं, पास! गुण कापलेत, पण पास! बाबांना सांग! नाही, थांब, मीच सांगते! नाही, तूच सांग!"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सर निघा म्हणत होते. पण साडेअकरा वाजून गेले तरी काकू हलेनात. जेवणघराच्या काचेपलीकडे ताटं लागत होती आणि त्यांना काही केल्या तिथून पाय काढवेना.

"काकू, चला ना," लंबू म्हणाला.

"थांब रे जरा."

खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हाताला पट्टी बांधलेली. समोर ताट आलं. त्यांनी आधी पाणी प्यायलं. मग इकडे तिकडे बघितलं. काकू काचेला नाक लावून उभ्या. गृहस्थांनी टोमॅटोची एक फोड उचलली, मीठ लावलं आणि तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना. काकूंनी लंबूचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तो कळवळला.

मग त्या गृहस्थांचा हात पुन्हा ताटाकडे गेला.

"घेतली!" काकू ओरडल्या. "अरे बघ, बघ, दुसरी घेतली!"